देवीच्या उजव्या फुलाची घाई

आमच्या आप्पांनी खडेबाजारातून कोथिंबीर न विसरता आणली. नातवाला मात्र तिथंच विसरून आले.

अडीच वर्षांचा सोनू न्हाव्याच्या खुर्चीवर बिस्कीट खात बसला होता. न्हाव्याचा फोन आल्यावर मी धावत जाऊन त्याला उचगावला घरी आणलं. (पावडरची मिशी तेवढी जास्तीची मिळाली!) आप्पा उंबऱ्यात बसले होते, कोथिंबिरीची जुडी अजून हातातच. आई जाऊन आठ महिने झालेले. तेव्हापासून दिवसभर घरात ही दोघंच.

बायको म्हणाली, आता सोनूला बालवाडीत घालायचं. मलाही पटलं. पण आप्पांना सांगायचं कुणी? पोरगं तुमच्या जिवावर सोडवत नाही, हे एवढंच वाक्य. आरशासमोर म्हणून बघितलं, तिथंही त-त प-प झालं.

शेवटी शेपूट घालून मी गावदेवीला पुढं केलं. आमच्याकडं अडलं की देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची; उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी आदल्या दिवशीच गुरवाला गाठलं आणि उजवं जरा सैल लाव म्हणून सांगितलं.

आप्पांना नि सोनूला घेऊन देवळात गेलो, तर गुरव नको तितका आज्ञाधारक निघाला! गाऱ्हाण्यात त्यानं नुसतं "आई" म्हटलं आणि उजवं फूल टपकन खाली. बालवाडीचा प्रश्न अजून त्याच्या पोटातच होता. गुरव माझ्याकडं बघाय लागला, मी घंटेकडं.

आप्पांनी फूल उचलून सोनूच्या हातात दिलं. बाहेर चपला घालताना म्हणाले, "तुला शिकायला बेळगावला धाडताना तुझी आई सोडत नव्हती. तवा मी बी हेच केलतं. पर प्रश्न पुरा हुईस्तवर फूल टिकलतं रं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सरळ सांगायचं हुतंस," ते म्हणाले. "माझा भरवसा आता मलाच वाटंना झालाय."

बालवाडीच्या फॉर्मवर 'मुलाला न्यायला कोण येणार' असा रकाना होता. मी माझं आणि बायकोचं नाव लिहिलं. आप्पांचं गाळलं. पहिल्या दिवशी बारा वाजता मीच जायचं ठरलं.

सव्वा वाजता ऑफिसात बालवाडीच्या बाईंचा फोन. "पोरगं अजून हितंच हाय. आजोबा अकरापासनं गेटवर बसल्यात, पण फॉर्मवर त्यांचं नाव न्हाय, सोडू कसं? तुम्ही विसरलासा काय?"

धापा टाकत पोचलो. गेटच्या आत सोनू रडून रडून लाल, बाहेर पायरीवर आप्पा, गजांतून हात घालून त्याचं बोट धरून बसलेले. मला वाटलं, आता खाली डोकं वर पाय करतील. तसलं काही नाही. त्यांनी सोनूचे डोळे पुसले, माझे रिकामे हात बघितले आणि शांतपणे विचारलं,

"कोथिंबीर तरी आणलास काय?"

तीसुद्धा आणली नव्हती.