नमुन्याला मावशी

लिव्हर तपासणीच्या खोलीत मावशींचा दरारा होता. लादी पुसणं नि चादरी बदलणं हे त्यांचं काम, पण पेशंटला झापणं ही हौस. "बाटली धरताना हात थरथरला नाही, आणि इथं झोपायला कापरं भरतंय?" असं त्या म्हणाल्या की भलेभले गुमान आडवे व्हायचे.

त्यातूनही कुणी घाबरलाच, तर मशीनवाला भाऊ आधी मावशींनाच टेबलावर घ्यायचा. उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या फटीत थोडी जेल, तिथं मशीनची दांडी टेकवून दोन ठोके. ना सुई, ना चिरफाड. ठोक्याची लाट आत जाते आणि लिव्हर मऊ आहे की कडक झालंय ते आकड्यात सांगते. मावशी हसत उठायच्या. "बघा, मुंगीसुद्धा चावली नाही!"

आकडा खरा धरायला दहा ठोके लागतात. मावशींच्या वेळी भाऊ पडद्याकडे बघायचाही नाही. चहापलीकडे व्यसन नसलेल्या बाईचं काय बघायचं?

एके दिवशी एक रंगारी आला. रोज पिणारा आणि पक्का संशयी. "दोन टिचक्यांत काय कळतंय? बाईंचं पूर्ण करा, मगच मी झोपतो."

"करा हो भाऊ," मावशी म्हणाल्या. "होऊ दे यांचं समाधान."

दहा ठोके झाले. या वेळी भाऊनं पडद्याकडे पाहिलं. त्यानं जेल पुसली आणि पुन्हा दहा दिले. मग मशीनच बिघडलंय म्हणत रंगाऱ्याला झोपवलं, तर त्याचं लिव्हर चांगलं मऊ! मावशींचा आकडा मात्र थेट सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर पार कडक झाल्याच्या, घरात.

"चहा झालाय ना तुमचा? त्यानं चढतो आकडा. उद्या उपाशीपोटी बघू," भाऊ म्हणाला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीही तेच. रक्तात प्लेटलेट कमी, सोनोग्राफीत प्लीहा सुजलेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मधुमेह आणि वजन यांमुळे लिव्हरवर चरबी साठत गेली आणि आत घट्टे पडले. दारूच लागते असं काही नाही.

"अहो, पण मी थेंबाला शिवले नाहीये!" मावशी पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, जणू बाईंना ऐकूच गेलं नव्हतं. हा आजार म्हणजे पिणाऱ्यांना मिळालेली शिक्षा, असंच त्या धरून चालल्या होत्या. मग आपल्याला कशाची?

खोलीत परत आल्यावर त्यांनी भाऊला विचारलं, "इतकी वर्षं मला इथं झोपवत होतात. दोनाऐवजी कधी दहा ठोके दिले असते, तर आधीच कळलं असतं का हो?"

भाऊचं तोंड उतरलं. "कळलं असतं, मावशी."

"आणि आवरलं असतं?"

"तेव्हा... आवरलं असतं बहुतेक."

आजाराचं नाव ऐकून मावशी खचल्या नव्हत्या, त्या आता खचल्या. होत्या तिथंच लादीवर बसल्या.