बैलाचे दात बघता, मग आमदाराचं काय?

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय.

आज बेल्ह्याच्या बैलबाजारात आमच्या डिंगोऱ्याच्या निवृत्त नर्स सुशीलाताई आमदारकीसाठी मतं मागत होत्या. साप चावल्यावरचं इंजेक्शन गावच्या आरोग्य केंद्रात कायम असावं, म्हणून त्या वर्षानुवर्षं झगडतायत.

बैलाचा जबडा उघडून दात बघणारा एक व्यापारी म्हणाला, "ताई, सुया टोचायचं सोडून हे काय खूळ?"

"भाऊ, लई अर्ज केले. दरवेळी सांगतात, आमदाराचं पत्र आणा. आमदार काय भेटंना. म्हटलं, आता आपणच व्हावं."

"पण प्रचाराला गाड्या किती हायेत?"

सगळे खदखदून हसले.

अरे राव, बैलाचे दात बघता आणि आमदाराच्या गाड्या? साप चावल्यावर त्या गाड्या काय चाटायच्या?

पण हे मी तिथं बोललो नाही. मान खाली घालून उभा राहिलो. तुम्ही बोलला असता का?