आठ सेकंद

कारखान्यात तिला सगळे नजरबाई म्हणायचे. कारखाना काचेच्या बाटल्यांचा. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, त्यांच्यामागे पांढरा दिवा, आणि समोर स्टुलावर ही. बुडबुडा दिसो, तडा दिसो, बाटली उचलायची आणि पिंपात फोडायची. एकवीस वर्षांत तिच्या हातून डागी माल पुढे गेला नाही. मग एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. फुटकी बाटली निदान परत भट्टीत जाते. माणसाला तीही सोय नाही.

नवरा त्याआधीच गेला होता. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला नांदत होती. राहिली एक खोली, आणि भिंतीपलीकडच्यांचा टीव्ही. त्यातली भांडणं ऐकत ती जेवायची, तेवढीच सोबत. पुढं चित्रकलेच्या शाळेत झाडलोटीचं काम मिळालं. एक दिवस मॉडेल आली नाही, मुलं खोळंबली, तर ही झाडू ठेवून म्हणाली, "मी बसते." कपड्यांविना बसली. तासन्‌तास एका जागी बसणं तिला कोण शिकवणार! लाज नाही वाटली का, असं विचारणाऱ्यांनी आधी ते कुलूप लावणाऱ्याला विचारावं.

त्या शाळेत फोटोग्राफी शिकवणाऱ्या मॅडम बंद कारखान्यांमधून उघड्या देहाचे फोटो काढत होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, तुमच्याच कारखान्यात याल?"

चोरून काही करणं हिच्या स्वभावात नव्हतं. ती आधी मुलीकडे गेली. मुलगी इस्त्री करत होती.

"साठी आली, आई. आता हे काय भलतंच सोंग?"

"सोंग नाही, काम आहे."

"सासरी कळलं तर मी तोंड कुठं लपवू?"

"तू कशाला लपवतेस? कपडे माझे निघणारेत."

मुलीला हसू फुटलं, पण तिनं ते गिळलं. "कर काय करायचं ते. पण तोंड ओळखू आलं, तर या घरात पाय ठेवायचा नाही. नातही विसरायची."

नजरबाईनं मान डोलावली. आठवड्यातून एकदा ती नातीची वेणी घालायला यायची; बाकीचे सहा दिवस त्या एका दिवसावर काढायची.

कारखान्यात पट्टा नव्हता, भंगारात गेला होता. छताचे पत्रे उडालेले, खाली कबुतरांची घाण. जमिनीत रुतलेले पट्ट्याचे बोल्ट मोजत मोजत तिनं आपली जागा शोधली, कपड्यांची घडी करून ठेवली आणि रिकाम्या डब्यावर बसली. उजेड कमी, म्हणून एकेका फोटोला आठ सेकंद लागत.

"अजिबात हलायचं नाही, मावशी."

ती दगडासारखी बसली. तरी चौदाच्या चौदा फोटोंत एकच खोट. सगळं अंग लख्ख, डोळे मात्र पुसलेले.

"मी हलले नाही!" ती उसळली.

"तुम्ही नाही हललात. डोळे सरकतायत, डावीकडून उजवीकडे."

तिनं कॅमेऱ्यात पाहिलं. खरंच. त्या जागी बसल्याबरोबर, आता तिथं नसलेल्या बाटल्यांमागे डोळे धावत होते.

"उलट बरंच झालं," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांशिवाय कोण ओळखणार? मुलीचं मन राहील. आणि फोटो सुंदर आहे, खरं सांगते."

नजरबाईनं कॅमेऱ्यातला फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. हो म्हटलं की सुटली असती. नातीची वेणीही राहिली असती.

"डागी आहे," ती शेवटी म्हणाली. "फोडून टाका. पुन्हा घ्या."

"अहो, पण मुलगी..."

"मुलीचं मी बघते. तुम्ही तुमचं बघा."

पुन्हा दोनदा घेतले, दोन्ही वेळा डोळे पळाले. तिसऱ्यांदा मॅडमनी लेन्सकडे बघायला सांगितलं, तशी ती फणकारली, "बघू कशाला? काचेवर डाग आहे तुमच्या. खाली, उजव्या अंगाला. केसाएवढा."

मॅडम हुशार. त्यांनी तो पुसला नाही. "नेमका कुठं? नजर तिथंच ठेवा."

डागापाशी नजर थांबायचीच. आठ सेकंद ती तिथून हलली नाही.

फोटोत सैल पडलेलं पोट आलं, भट्टीच्या बाजूला राहून काळवंडलेला खांदा आला, आणि तोंड असं की शेजारीपाजारीही लांबून ओळखतील.

तो घेऊन ती स्वतः मुलीकडे गेली. मुलीनं उंबऱ्यातच उभ्या उभ्या पाहिला.

"माझी वही तपासताना अशीच बघायचीस," ती म्हणाली. आवाज मऊ झाला होता. नजरबाईला वाटलं, जमलं.

"फोटो चांगला आलाय, आई. पण मी बोलले ते बोलले."

दार हळूच लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. भांडायला तरी काही हाती लागलं असतं.

प्रदर्शन आठवडाभर होतं. ती रोज उघडायच्या वेळेला यायची आणि आपल्या फोटोपाशी उभी राहायची. लोक येत, मान तिरकी करून बघत, हळू आवाजात बोलत. अंगभर कपड्यांतल्या म्हाताऱ्या बाईकडे कुणाचं लक्ष जाईना. दारात पायांचा आवाज झाला की ती वळून बघे; मुलगी नसे, तशी परत फोटोकडे वळे.

शेवटच्या दिवशी चष्मेवाला एक गृहस्थ थोडा त्रासूनच म्हणाला, "बाई, जरा बाजूला होता का? फोटो दिसत नाहीये."

ती दोन पावलं सरकली. "बघा," म्हणाली. "सावकाश बघा. खोट सापडली तर सांगा."

त्यानं खूप वेळ पाहिलं. मग ‘नाही’ अशी मान हलवली आणि पुढच्या फोटोकडे गेला.