शिफारशीचा रकाना

टेबलावर उदमांजर पडलं होतं. मेलेलं, परतवाड्याहून जीपमधून आलेलं, पोट फुगलेलं. एम.एस्सी.चे आम्ही सात जण भोवती उभे. साऱ्यांच्या नाकाला रुमाल. प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांना संग्रहालयासाठी त्याची कातडी हवी होती. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला द्या. ह्यांच्या घरचंच काम आहे."

पोरं हसली. सरांचा भाचा माझ्याच वर्गात होता. तो सगळ्यांत जोरात.

आजोबाने ढोरं सोलली असतील. माझा बाप अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. छप्पनसाली आम्ही बौद्ध झालो, त्याच्या कितीतरी आधीच त्याने मेलेल्या ढोराला हात लावणं सोडलं होतं. मी सुरी धरायला शिकलो ती अमरावतीच्या याच कॉलेजात, बाकीच्यांसारखी, बेडकावर. पण सुरी घेतली. सोललं. कुठे भोक पडू दिलं नाही.

सर म्हणाले, "बघा, रक्तातच असतं."

त्या बोलण्याची नाही, नीट सोलल्याची लाज मला अजून आहे.

पुढे दोन वर्षं मेलेलं काहीही आलं की माझ्याकडे. कोणी चहा पाजला तरी वाटे, आता काय सोलायचं आहे? गोड बोलणाऱ्याचा संशय तेव्हापासूनचा.

माझं स्वतःचं काम वेगळं होतं. मेळघाटातले बेडूक. पावसाळ्यात बसने धारणीला जायचो, सिपना नदीच्या काठचे डबरे धुंडायचो. कोणता बेडूक कुठल्या पाण्यात अंडी घालतो, सारं वहीत लिहायचो. बरण्या विभागाच्या कपाटात ठेवायचो. चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या.

परीक्षा झाली. महादेवराव आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. एक दिवस जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"तुले कयलं नाई का? दिल्लीचा कागद आलता. पुढच्या संशोधनाची शिष्यवृत्ती. मीच सकायी बोर्डावर लावला. सायबानं दुपारी काढाले लावला."

"काहून?"

"मले काय सांगतीन ते?"

मी सरांकडे गेलो. त्यांनी नाकारलं नाही.

"तुम्हाला सरकार देतंच की शिष्यवृत्ती."

"ती एम.एस्सी.पर्यंत, सर. इथे संपली."

सर हसले. खुर्ची दाखवली. दोन वर्षांत पहिल्यांदा. ड्रॉवरमधून फॉर्म काढून दिला.

"भर आणि माझ्याकडे ठेव. शिफारस लिहून मी पाठवतो. आणि ती तुझी मेळघाटची वही भाच्याला दे. तोही अर्ज करतोय. विषय जवळचाच आहे."

मी बसलो नाही. मेळघाटाला भाचा एकदाही आला नव्हता.

"वही देत नाही, सर. फॉर्म ठेवतही नाही. माझ्यासमोर सही करा. नाहीतर करत नाही असं लिहून द्या."

"तुम्हा लोकांना विश्वास नावाची गोष्टच नाही."

"नाही, सर."

त्यांनी सही केली नाही. लिहूनही दिलं नाही. मी फॉर्म उचलला आणि बाहेर आलो.

अकोल्याला बापाला सगळं सांगितलं. त्याला फॉर्म वाचता येत नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "सही नसन तं त्या जागी काय लिवतं?"

"कोरी ठेवतो."

"कोरी काहून? जे झालं ते लिव."

शिफारशीच्या रकान्यात मी लिहिलं: विभागप्रमुखांनी सही करण्यास नकार दिला. फॉर्म रजिस्टरने पाठवला. महिन्याभरात परत आला. शिफारस नाही, म्हणून.

शिष्यवृत्ती भाच्याला मिळाली. विषय, मेळघाटातले बेडूक. महादेवरावांनी नंतर सांगितलं, कपाटातल्या बरण्यांवर आता नव्या चिठ्ठ्या आहेत. अक्षर दुसरं.

मी अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सुट्टीत मेळघाटात जातो. तिसरी वही भरत आली. दरवर्षी मीच दिल्लीला पत्र टाकून फॉर्म मागवतो, जास्तीचे मागवतो आणि अमरावतीला आमच्या पोरांच्या वसतिगृहात नेऊन हातात देतो. तिथे कोणी उपरा प्राध्यापक मदतीला आला की आधी विचारतो, तुमचं काय काम?

माझा फॉर्म दोनदा परत आला आहे. सर अजून त्याच खुर्चीत आहेत. मधल्या माणसांनी सुचवलं, जाऊन एकदा पाय धर, सही मिळेल. नाही धरणार. कालच तिसरा फॉर्म टाकला. रकान्यात तेच वाक्य आहे, या वेळी सरांच्या नावासकट.