चौथ्या रिळाच्या आत

फत्तेसिंग अण्णांच्या उजव्या गुडघ्याला वाटी नाही. तरी ते सायकल चालवतात. मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो.

१९६१ सालची गोष्ट, कानडी मुलखातली. शिवाजीनगरच्या आणि राजाजीनगरच्या टॉकीजमध्ये पिक्चरची एकच प्रिंट चालायची. शिवाजीनगरला रीळ उतरलं की अण्णा ते पत्र्याच्या डब्यात घालून सायकलने तिकडे पोचवायचे. दहा वर्षांत तिकडचा पडदा एकदाही रिकामा राहिला नव्हता.

जूनमध्ये उतारावर सायकल घसरली. रीळ वाचलं. गुडघ्याच्या वाटीचा चुरा झाला. डॉक्टरांनी ती काढूनच टाकली. प्लास्टर निघालं तेव्हा मांडी सुकली होती आणि अण्णांचं मुळीच ऐकत नव्हती.

टॉकीजचे मालक म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो. नाही जमलं तर गेटवर बसून तिकिटं फाडा."

अण्णांना गेटवर बसायचं नव्हतं. मी शेजारी राहायचो. बी.ए. झालो होतो, नोकरी नव्हती. रोज त्यांना कॅरियरवर बसवून इस्पितळात न्यायचो.

तिथे बेळगावच्या अहल्याबाई विजेचा उपचार करायच्या. एक लाकडी पेटी, आत तारेचं वेटोळं, त्यात सरकणारी लोखंडी दांडी. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या. दांडी आत ढकलली की मांडी ताठ. बाहेर ओढली की सैल.

अण्णा खूश. "अक्का, आणखी स्वल्प भरा. दिवाळीला पुरलं पाहिजे."

"भरून ठेवायला ही काय बॅटरी आहे?"

अण्णांना खरंच तसं वाटत होतं. तीन आठवडे ते नुसते पडून करंट घेत राहिले. मांडी होती तशीच.

शेवटी बाई वैतागल्या. "तुमच्या सायकलला डायनामो आहे ना? उभ्या सायकलचा दिवा लागतो?"

"कसा लागेल?"

"मग? करंट मांडीला नुसती आठवण करून देतो. जोर तुम्ही लावायचा, त्याच क्षणी."

अण्णांनी पेटीतल्या दांडीकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "सरी, पटलं. पण अक्का, तुमचा ताल चुकतो. दांडी माझ्या हातात द्या. पायडलचा ताल मला ठाऊक."

बाई हसल्या. दांडी कुठवर ढकलायची तिथे खूण केली आणि दिली.

तेव्हापासून अण्णा खाटेवरून रोज राजाजीनगरला जाऊ लागले. "आला चढ! बीए, बाजूला हो!" दांडी आत, मांडी ताठ, कपाळावर घाम.

दसऱ्याच्या आधी एके दिवशी ते मला रस्त्यात आडव्या आलेल्या बैलाची गोष्ट सांगत होते. शिंगं केवढी, हे दोन्ही हात पसरून दाखवत होते. मांडी ताठ होत होती. सैल होत होती. पुन्हा ताठ.

मी दांडीकडे पाहिलं. ती बाहेर होती.

मी बोट दाखवलं. "अण्णा... हात!"

"हाताला काय झालं?"

"दांडी कोण ढकलतंय?"

त्यांनी खाली पाहिलं. मांडी ताठ केली. परत केली. मग सगळा वॉर्ड दणाणेल असे ओरडले, "अक्का! दिवा लागला!"

दिवाळीच्या दिवशी मी अण्णांना "जोरात या, उशीर नको" असं बजावून पुढे आलो होतो आणि राजाजीनगरच्या ऑपरेटरच्या खोलीत उभा होतो. तिसरं रीळ संपत आलं होतं. चौथं अण्णांकडे. जिन्यावर पावलं वाजली. एक जोरात, एक जरा दबकत. दार उघडलं. खांद्यावर डबा, अंगभर घाम.

"किती राहिलंय?"

"चार मिनिटं," ऑपरेटर म्हणाला.

"बीए," अण्णा म्हणाले, "उगाच पळवलंस की मला!"