तळेगावहून बैल आणला, तो असा

श्रावण गेल्याचा फोन त्याच्या पुतण्याने केला. मी सिंदी मेघेच्या घरी ओट्यावर बसलो होतो. "काका गेले," एवढेच तो म्हणाला, आणि मी त्याला विचारले, "कोणते काका?" त्या बिचाऱ्याला वाटले असेल की म्हाताऱ्याचे डोके चालेनासे झाले. तसे नव्हते. त्याचा काका, गावाचे श्रावण गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, या कोणाशीही माझा संबंध नव्हता. मी ज्याला ओळखत होतो तो नुसता श्रावण होता, समुद्रपूरच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा, आणि तो जाऊ शकतो हे माझ्या हिशेबातच नव्हते...

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी गप्प राहणार होतो, परंतु लोकांनी राहू दिले नाही. प्रथम एका वर्तमानपत्रात त्याच्यावर चौकट आली. तीत लिहिले होते की तरुणपणी गुरुजींनी देशकार्यासाठी आष्टी तालुक्यापासून समुद्रपूरपर्यंत पदयात्रा काढली होती. नंतर गावात शोकसभा झाली. तिथे पुतण्याने भाषण केले. आमचे काका इतके भोळे होते, तो म्हणाला, की तळेगावच्या व्यापाऱ्याने त्यांच्या गळ्यात चुकीचा बैल मारला. आणि इतके प्रेमळ होते, की वाटेत ऊन लागून पडलेल्या लक्ष्मणकाकांना त्यांनी त्याच बैलावर बसवून घरी आणले. लोकांनी माना डोलावल्या. लक्ष्मणकाका म्हणजे मी. मी उठून उभा राहिलो, तर सूत्रसंचालक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, वेळ कमी आहे, दोनच शब्द." दोन शब्दांत मावणारी ही गोष्ट नाही. म्हणून मी बसलो, आणि आता लिहितो आहे.

मी महसूल खात्यात नोकरी केली. शेतांच्या धुऱ्यांचे, म्हणजे बांधांचे, तंटे ऐकण्यात माझी उमर गेली. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याची जबानी आधी घ्यायची, हा तिथला नियम. तर हे साक्षीदाराचे म्हणणे आहे. देशकार्य नव्हते, बैल होता. मला ऊन लागले नाही. विदर्भात जन्मलेल्या माणसाला वैशाखात ऊन लागले म्हणणे हा त्याचा अपमान आहे. मी बैलावर बसलो नाही. आणि श्रावण भोळा तर मुळीच नव्हता.

आदल्या दसऱ्याला आम्हा दोघांच्याही घरांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला होता. त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. श्रावणच्या घरी थोडी पऱ्हाटीची, कापसाची जमीन होती, आणि एक बैलजोडी. त्या जोडीतला एक बैल चैत्रात दगावला. मागे राहिला तो पाखऱ्या. लहानपणापासून श्रावणने सांभाळलेला, त्याच्या हाताशिवाय दुसऱ्याच्या हातचे पाणी न पिणारा. हा पाखऱ्या डावा बैल होता. आजच्या वाचकांसाठी सांगतो : जोडीतला प्रत्येक बैल जुवाच्या एकाच बाजूला चालायला शिकतो, कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे, आणि एकदा ती बाजू अंगात मुरली की सहसा सोडत नाही. दोन डावे एकत्र जुंपले तर वखर सरळ चालत नाही. म्हणजे घरी उजवा बैल हवा होता. श्रावणचे थोरले भाऊ गोमाजीदादा कडक माणूस. ते म्हणाले, "पेरणीच्या आंधी याले उजवा जोडीदार आन. नाई भेटला, त मी पाखऱ्याले बाजारात काढतो आन दुसरी जोडी घेतो." थकत आलेला बैल बाजारातून कुठे जातो हे सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी श्रावण जेवला नाही.

आमच्या भागात मनासारखा बैल मिळाला नाही, म्हणून आम्ही मोटारीने तळेगावला गेलो. श्यामजी पंतांचे तळेगाव. आर्वी-आष्टीकडचा पांढराशुभ्र गवळाऊ बैल त्या बाजारात मिळतो. बाजारात श्रावणने दिवसभर फिरून एक बैल निवडला. मी म्हटले, बाजू विचारलीस का? तो म्हणाला, "पाह्यली." पाहिली म्हणाला, उजवा आहे म्हणाला नाही. हा फरक माझ्या लक्षात यायला आर्वीच्या पुढचा रस्ता यावा लागला.

परत पायी यायचे, हे त्याने आधीच ठरवले होते. माल नेणाऱ्या गाडीत बैल चढवता आला असता, तसे एकाने सुचवलेही. श्रावण ऐकेना. तो दोर धरून बैलाच्या डाव्या हाताला चालू लागला, आणि मी काठी घेऊन मागे. आर्वी सुटल्यावर मी पाहिले, की बैल सारखा डावीकडे सरतो आहे आणि श्रावणला रस्त्यावरून बाभळीच्या काट्यांत ढकलतो आहे. थोडे चालून झाले की पुन्हा तेच.

"श्रावण, हा तं डावा बैल हाय रे."

"मले माहीत हाय."

"माहीत हाय? मंग घेतला काऊन?"

"उजवा होता एक. पाखऱ्याच्या खांद्यालोक बी येत नव्हता. हा पाह्यला का तू? बरोबर त्याच्याच उंचीचा. अख्ख्या बाजारात हाच एक."

"आन दादाले काय सांगशीन?"

"दादाले काई सांगजो नको. घरी पोचेपर्यंत हा उजवा होऊन जाते. म्हणूनच तं पायी आणून राह्यलो."

हे शब्द माझ्या समोर बोलले गेले. तेव्हा व्यापाऱ्याने फसवले, हा दावा इथेच निकालात निघतो. पुढे बऱ्याच वर्षांनी तो व्यापारी कुठल्याशा लग्नात गोमाजीदादांना भेटला आणि म्हणाला, तुमच्या भावाने माझ्याकडून डावा बैल नेला होता. दादांनी त्यावरून आपल्या भावाला भोळा ठरवले, आणि तीच गोष्ट त्यांच्या मुलाकडे आली. श्रावणने ती आयुष्यभर हसून ऐकून घेतली. मी शब्द दिला होता म्हणून मीही बोललो नाही. आता दादा नाहीत, श्रावणही नाही. आता मी तो शब्द मोडतो, आणि मला त्याचे काही वाटत नाही. मित्राला मूर्ख म्हणून पोचवून देण्यापेक्षा ते बरे.

त्याची रीत अशी होती. बैल डावीकडे आला की तो मारत नसे, ओढत नसे, ओरडतही नसे. तो जागीच थांबे. रस्त्याच्या मध्ये, उन्हात, खांबासारखा. बैल गोंधळे, पुढे पाही, मागे पाही. बराच वेळ जाई. मागे मी घामाने निथळत उभा. अखेर बैल कंटाळून आपणहून उजवीकडे वळला, की श्रावण खिशातला गुळाचा खडा त्याच्या तोंडाशी धरी आणि चालू लागे. खरांगण्याच्या अलीकडे त्याने बाभळीची एक फांदी सोलून घेतली आणि तिचे एक टोक बैलाच्या मानेवर, दुसरे स्वतःच्या खांद्यावर ठेवले. बैलाला वाटावे, डावीकडे जोडीदार आहे. अशा थाटात आम्ही आंजीत शिरलो, तेव्हा चहाच्या दुकानापुढे बसलेला एकजण म्हणाला, "काऊन गा, हा दुसरा बैल कुठून आणला? याले तं शिंगंच नाईत."

"शिंगं घरी ठेवून आलो," श्रावण न थांबता म्हणाला. "वाटेत कोणाले लागाले नको."

दुकानातले सगळे हसले, आणि त्या माणसाने आम्हा दोघांना आपल्या हाताने पाणी दिले. बैलालाही बादली ठेवली. नाव-गाव विचारले नाही. त्या काळात तेवढेही आमच्या लक्षात राही.

वर्धा मागे पडले तोवर बैलाचे डावीकडे सरणे पुष्कळ कमी झाले होते. वणा नदी उतरलो की आमचाच मुलूख. नदीत पाणी गुडघ्याएवढेही नव्हते, पण तळाशी गोटे होते. पलीकडचा काठ चढताना बैलाचा पाय घसरला आणि त्याचा पुढचा खूर सगळ्या भारासह श्रावणच्या पावलावर पडला. अंगठा फुटला. श्रावण खाली बसला, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग मी प्रथमच उतरलेला पाहिला. मी माझे उपरणे फाडून पाय बांधला. तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. गाडीवान ओळखीचाच निघाला. "बसा गुमान गाडीत," तो म्हणाला. "बैल मांगं बांधून देतो."

श्रावणने मान हलवली.

"लेका, पाय पाह्य तुहा," मी चिडलो. "आता गाव किती राह्यलं?"

"तेच तं. मांगं बांधला का हा एकटा चालन. एकटा चालला का इसरला. मंग दारात दादा पाखऱ्यासंगं उभा करन, आन हा जाईन डावीकडं..." तो उठला, बैलाच्या डाव्या बाजूला गेला, उजवा हात त्याच्या मानेवरून टाकला आणि लंगडत चालू लागला. मी त्याच्याशी भांडलो, हे मान्य करतो. दोर मी धरतो, डावीकडे मी चालतो, असेही म्हणालो. "तुह्या उंचीनं त्याले शंका येईन," तो म्हणाला. मी बुटका आहे हे सांगायला त्याला तीच वेळ मिळाली.

तर वाचकहो, शेतातून लांबून ज्यांनी पाहिले, त्यांना बैलाच्या अंगावर रेललेला एक माणूस दिसला. तो माणूस मी नव्हतो. तो बैलावर बसलेलाही नव्हता. गाडीवान आमच्यापुढे अख्ख्या वाटेने हळू हळू गाडी हाकत राहिला, बसा म्हणून अधूनमधून मागे वळून पाहत, आणि ती रिकामी गाडी आमच्यापुढे गावात शिरली.

दारात श्रावणची माय पाण्याची घागर घेऊन उभी होती. नवा बैल घरी आला की पूर्वी हळद-कुंकू, नारळ, सगळे असे. त्या वर्षी ते सोडलेले. दादा म्हणाले, "माय, आता हे नाई करत आपण." माय म्हणाली, "पाय तं धुऊ दे बाप्पा. दुरून आला तो. पाण्याले कोणता देव लागते?" तिने बैलाचे चारही पाय धुतले. मग श्रावणचे रक्ताने भिजलेले फडके पाहिले, आणि उरलेले पाणी त्याच्या पायावर ओतले.

दादांनी विसावाही घेऊ दिला नाही. अंगणातच जू ठेवले, पाखऱ्याला डावीकडे आणून उभे केले आणि नव्या बैलाचा दोर सोडला. श्रावण ओट्याला टेकून उभा होता. बैलाने पाखऱ्याला हुंगले. एक पाऊल डावीकडे टाकले. श्रावणने तोंडातून आवाज काढला नाही, हातही हलवला नाही. तो जसा रस्त्यात थांबे तसा थांबून राहिला. मी त्याच्याकडे पाहिले तर त्याने डोळे मिटले होते... बैल पाखऱ्याच्या मागून फिरला, आणि उजव्या बाजूला येऊन मान खाली घालून उभा राहिला.

"बरा हाय," दादा म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठे कौतुक कोणी ऐकलेले नाही. बैलाचे नाव तळेगाव्या पडले. पाखऱ्या त्याच्या डावीकडे आणखी कितीतरी हंगाम चालला आणि घरच्याच गोठ्यात म्हातारा होऊन गेला.

पुढे श्रावण शिक्षक झाला. त्याने छडी वापरली नाही, असे सगळे सांगतात, आणि ते खरे आहे. वर्गात गोंगाट झाला की तो फळ्याकडे पाठ करून गप्प उभा राही, पोरे आपणहून जागेवर येईपर्यंत. ही रीत त्याने प्रशिक्षणात शिकली, असे त्या चौकटीत लिहिले आहे. कुठे शिकली ते मी वर सांगितले. माझ्यावरही त्याने तीच वापरली. रस्त्याने चालताना मी वादाला पेटलो, आणि मी बहुधा पेटतोच, की तो थांबून जाई. आणि चालताना तो नेहमी माझ्या डाव्या हाताला असे. त्या वाटेने लागलेली सवय. चुकून मी त्या बाजूला गेलो, तर मागून वळसा घालून तो आपली जागा घेई.

गेल्या हिवाळ्यात मी त्याला शेवटचे भेटलो. निघताना तो काठी टेकत फाटकापर्यंत मला पोचवायला आला. मी बोलण्याच्या भरात डावीकडून चालत होतो. तो थांबला, दम घेतला, आणि माझ्या मागून हळूहळू फिरून डावीकडे आला.

"साठ-पासष्ट वर्षं झाली, आता तरी सोड," मी म्हटले.

"कसा सोडू? तू अजून पुरा वळला नाई."

अलीकडे डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळी फिरताना सूनबाई माझ्यासोबत येते. ती म्हणते, बाबा, तुम्ही कडेने चालत नाही, एका माणसाची जागा सोडून रस्त्यात चालता. मागून गाड्या वाजवतात. वाजवू देत. परवा ती माझा हात धरायला त्या मोकळ्या जागेत आली. मी थांबलो. "काय झालं बाबा?" तिने विचारले. "दम लागला का?" मी तसाच उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, आणि थोड्या वेळाने माझ्या मागून फिरून उजवीकडे आली. मग आम्ही चालू लागलो.