दिव्याला पुरलं, भोंग्याला नाही

आळेफाट्यावर माझं रिपेअरिंगचं दुकान आहे आणि त्यात माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा फ्रेम करून टांगलेला आहे. एवढ्या भांडवलावर माणसाला जितका माज चढू शकतो, तितका मला चढला होता. त्यामुळे जवळच्या आळे गावात दिलेल्या माझ्या अक्काच्या गोठ्याभोवती बिबट्या फिरतोय हे कळलं, तेव्हा काळजीपेक्षा मला उत्साहच जास्त आला.

अक्काची रीत साधी होती. पहाटे धार काढायला जाण्याआधी ती ओट्यावरून पत्र्याचा डबा बडवायची. मी तिला चारचौघांत हसलो. "जग कुठं चाललंय आणि तू डबे काय वाजवतेस," म्हणालो आणि यंत्र बसवलं. गोठ्यावर सेन्सर. समोर काही हललं की तो तारेवर तीन पूर्णांक तीन व्होल्ट पाठवणार. तार घरातल्या कंट्रोलरच्या पिनवर येणार आणि पिननं ते ओळखलं की भोंगा वाजणार.

कंट्रोलर पाच व्होल्टचा. त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलंय: पिनवर तीनच्या वर असलं तर 'आहे', दीडच्या खाली असलं तर 'नाही'. मधल्या व्होल्टेजची हमी कुणी घेत नाही, तिथं पिन एकदा हो म्हणेल, एकदा नाही. म्हणजे माझं यंत्र काठावर पास होतं. मी स्वतः आयुष्यभर तसाच पास होत आल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दाजींना मात्र नुसता भोंगा पुरेना. "पावणं, येखादा लाल दिवा पायजे राव. चालू हाय ते दिसाया नको का?" बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? स्वयंपाकघराच्या खिडकीत, त्याच तारेवर, मी एक बारीक एलईडी जोडला. त्यानं आपला वाटा खाल्ला आणि पिनपाशी काय उरलं ते मी मोजलंच नाही. मोजायच्या वेळी मी नारळ फोडत होतो.

उद्घाटनाला भावकी जमली. दाजी गोठ्यासमोरून ऐटीत चालले. दिवा लागला, भोंगा वाजला, टाळ्या पडल्या. मग एक मांजर गेलं. दिवा लागला, भोंगा गप्प. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जराही न अडखळता सांगितलं, "मांजर असलं तर नुसता दिवा. मोठं जनावर असलं तरच भोंगा. तसंच सेट केलंय." लोक थक्क झाले. दाजींनी ते वाक्य व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवलं. दोन दिवसांत माझाही त्यावर विश्वास बसला.

अक्कानं डबा बडवणं सोडलं.

थंडीतल्या एका पहाटे बिबट्यानं तिची कालवड नेली. गाय मेल्यावर बाटलीनं दूध पाजून तिनं ती वाढवली होती. मी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मी दाजींना सेन्सरसमोर फेऱ्या मारायला लावलं, आत गेलो आणि पिनला मीटर लावला. दोन पूर्णांक चार. खिडकीत दिवा झकास लागलेला, भोंगा मुका. मी एलईडी उपटून काढला. मीटर तीन पूर्णांक दोनवर गेला आणि भोंगा बोंबलला.

"बघा, चालतंय की," बाहेर कुणीतरी म्हणालं.

"यंत्राचा काय बी दोष न्हाई," अक्का बायकांना सांगत होती. रडून तिचा आवाज बसला होता. "दिवा दिसला व्हता मला. भोंगा न्हाई वाजला, म्हनून म्हनलं मांजर असंल, आन् च्या ठेवत बसले. माझंच चुकलं."

मला लाज वाटली, फार वाटली. मी एलईडी खिशात घातला, बाहेर गेलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जाऊ दे अक्का, चुकतं माणूस."